पोच मिळते, तारीख मिळत नाही: आंदोलनाच्या दिवशीच्या विद्यापीठ प्रशासनाचं परीक्षण

खानावळीची खरी परीक्षा रविवारी दुपारी दीडला होते, बुधवारी चारला नाही. विद्यापीठ प्रशासनाचंही तसंच. माहितीपुस्तिकेत ‘विद्यार्थी केंद्रस्थानी’ छापायला काहीच लागत नाही. मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर दोनशे मुलं ठिय्या मारून बसली, डफ वाजायला लागला आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं शिपायानं तिसऱ्यांदा सांगितलं, की त्या वाक्याचा कस लागतो. हे परीक्षण त्या दिवसाच्या सेवेचं आहे: निवेदन घेणं, निरोप देणं, चर्चेला बसणं, लेखी उत्तर देणं आणि दिलेलं पाळणं. पुण्यात सरकारी विद्यापीठ, स्वायत्त महाविद्यालयं, अभिमत आणि खासगी विद्यापीठं अशी सगळी दुकानं आहेत. दोष बहुतेक सामाईक आहेत, म्हणून गुण कुणा एका संस्थेला दिलेले नाहीत. नाव घेतलंय ते फक्त जाहीर घटनांमध्ये.

सुरुवात आवक-जावक खिडकीपासून, कारण अख्ख्या व्यवस्थेतली सगळ्यात चांगली सेवा तिथेच मिळते. निवेदनाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत यायचं. पाच-सात मिनिटांचं काम. शिक्का आहे आणि क्रमांक नाही, अशी पोच मात्र कामाची नसते. पुढे ‘तुमचं पत्र कुठल्या टेबलावर आहे’ हे विचारायला तोच क्रमांक लागतो. ‘साहेबांना दाखवतो, मग शिक्का मारतो’ असं उत्तर आलं तर तिथेच उभं राहून तेच निवेदन कुलसचिव कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर पाठवावं. वेळेची नोंद आपोआप होते आणि शिक्काही मग लवकर सापडतो.

खिडकी चांगली असली तरी तिच्यामागचा प्रवास लांबचा आहे. निवेदन ‘मा. कुलगुरू’ यांच्या नावे जातं, विषय असतो परीक्षा विभागाचा. कागद आधी वर चढतो, शेरा घेऊन खाली उतरतो, कक्षाधिकाऱ्याकडे टिपणीसाठी थांबतो, पुन्हा वर जातो. म्हणून निवेदन कुलगुरूंना असलं तरी परीक्षा संचालक आणि संबंधित अधिष्ठात्यांना ‘प्रत माहितीसाठी’ त्याच दिवशी द्यावी. एका निवेदनात अकरा मागण्या घालायची हौस आवरावी. वसतिगृहाचं गरम पाणी, पुनर्मूल्यांकनाचं शुल्क आणि कॅरी ऑन (विषय राहिले असतानाही पुढच्या वर्षात प्रवेश) हे तीन टेबलांचे विषय आहेत. एकत्र दिले की सगळ्यात संथ टेबलाच्या वेगानं उत्तर येतं. निकालाची तक्रार असेल तर विषयाचा कोड, पॅटर्नचं (अभ्यासक्रमाच्या आराखड्याचं) वर्ष, सत्र आणि बैठक क्रमांकांची यादी जोडावी. ‘निकालात प्रचंड गोंधळ आहे’ या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘अमुक कोडच्या पेपरात एकाच केंद्राच्या ४२ मुलांना शून्य’ या वाक्यावर दुपारपर्यंत तपासणी होऊ शकते. खिडकीला पाचपैकी चार.

ठिय्या आणि निवेदनाला समांतर अशी एक वाट आहे, ती आंदोलक आणि प्रशासन दोघंही विसरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम एप्रिल २०२३ मध्ये अधिसूचित झाले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली समिती हवी आणि तक्रार घ्यायला ऑनलाइन पोर्टल हवं. तक्रार आली की संस्थेनं १५ दिवसांत आपल्या अभिप्रायासह ती समितीकडे द्यायची, समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत शिफारस करायची. पटलं नाही तर १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालांकडे अपील, तिथे निकालाची मुदत ३० दिवस. गेटवर दिलेल्या निवेदनाला अशी कुठलीही मुदत लागू होत नाही, म्हणून तक्रार दोन्हीकडे द्यावी. समितीतला विद्यार्थी मात्र ‘विशेष निमंत्रित’ असतो, गुणवत्तेवर नेमलेला असतो आणि गणपूर्तीत मोजला जात नाही. मुलांना हा त्यांचा माणूस वाटत नाही, यात नवल नाही. काही संस्थांच्या संकेतस्थळावर लोकपालांचं नाव शोधायला मेनूच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात आणि शेवटी हाती तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ लागते.

आता निरोप. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

आंदोलन सुरू झाल्यावर पहिल्या तास-दीड तासात प्रशासनाकडून काहीच आलं नाही, तर ती जागा व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतं. कुणीतरी जुन्या परिपत्रकाची तारीख बदलून ‘उद्याचा पेपर रद्द’ असा फोटो सोडतो आणि तो मुलांबरोबर पालकांच्या गटातही पोचतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी तर पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक असे तीन जिल्हे एका छत्राखाली आहेत. गणेशखिंडीत, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य आवारात, काय चाललंय हे सिन्नरच्या किंवा संगमनेरच्या मुलीला कळायचा अधिकृत मार्ग म्हणजे विद्यापीठाचं परिपत्रक, मग प्राचार्यांचा ईमेल, मग फलक. अफवेला मधले थांबे नसतात.

पहिल्या निरोपात निर्णय असावा लागत नाही. हे न कळल्यामुळे प्रशासनं ‘ठरल्यावर सांगू’ म्हणत संध्याकाळ करतात. पहिला निरोप असा चालतो: ‘आज सकाळी ११ पासून मुख्य इमारतीसमोर तिसऱ्या सत्राच्या निकालाबाबत आंदोलन सुरू आहे. दुपारी १ वाजता परीक्षा संचालक विद्यार्थ्यांच्या सात प्रतिनिधींशी बोलतील. उद्याच्या परीक्षा ठरल्या वेळी, ठरल्या केंद्रांवर होतील. पुढचा निरोप दुपारी ३ वाजता, नवीन काही नसलं तरी.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. पुढचा निरोप कधी येणार हे माहीत असलं की माणूस तीनपर्यंत थांबतो. माहीत नसलं की दर पाच मिनिटांनी कुणालातरी फोन करतो.

प्रत्यक्षात येतं ते वेगळंच. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, दोन परिच्छेद संदर्भांचे, आणि मुलांना हवी ती ओळ दुसऱ्या पानाच्या तळाशी. मराठी आणि इंग्रजी प्रतींत तारखा जुळत नाहीत, असंही होतं; घाईत एकच प्रत दुरुस्त होते. मग शुद्धिपत्रक निघतं, त्यावर मूळ परिपत्रकाचा जावक क्रमांक नसतो, आणि दोन्ही कागद एकाच वेळी गटागटांत फिरत राहतात. इलाज साधा आहे. संकेतस्थळावर एकच पान ठेवायचं, त्याचा पत्ता बदलायचा नाही, प्रत्येक नव्या निरोपाला वेळ आणि क्रमांक द्यायचा, जुना निरोप पुसायचा नाही, त्यावर ‘हा आता लागू नाही’ एवढं लिहायचं. मजकूर पानावरच हवा. फोनवर पीडीएफ उघडून, वाकडी मान करून कुणी वाचत नाही.

एसएमएसबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी संगणक विभागाला माहीत असते आणि कुलसचिवांना ऐन वेळी कळते. मोठ्या संख्येनं एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी लागते. आंदोलनाच्या दुपारी नवा मजकूर टाइप करून पन्नास हजार जणांना पाठवता येत नाही. मोबाइल कंपन्यांची चाळणी तो अडवते. म्हणून ‘आजची [ ] परीक्षा [ ] रोजी होईल’, ‘[ ] बाबत खुलासा संकेतस्थळावर पाहा’ असे चार-पाच साचे शांततेच्या काळात मंजूर करून ठेवावे लागतात. त्यातही देवनागरी मजकुराचा एक एसएमएस ७० अक्षरांचा, रोमन लिपीतला १६० चा. ‘सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की’ यातच निम्म्याहून जास्त जागा संपते. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात १०२४ जणच बसतात. वर्ग प्रतिनिधींचा एक गट करावा, लिहिण्याचा हक्क फक्त प्रशासनाला ठेवावा आणि प्रतिनिधींनी निरोप आपापल्या वर्गात न्यावा, हे त्यातल्या त्यात बरं चालतं. मात्र तो गट जूनमध्ये बनवायला हवा, फेब्रुवारीत ठिय्या सुरू झाल्यावर नव्हे.

तारखेवाचूनचा निरोप काय करतो याचं पुण्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण विद्यापीठाचं नाही, लोकसेवा आयोगाचं आहे. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचं ११ मार्चला, म्हणजे तीन दिवस आधी जाहीर झालं. नवी तारीख नव्हती. काही तासांत नवी पेठेत शास्त्री रस्ता मुलांनी भरून गेला. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं, परीक्षा आठ दिवसांत होईल, तारीख उद्या कळेल. दुसऱ्या दिवशी २१ मार्च जाहीर झाली आणि परीक्षा त्या दिवशी झाली. ढकलणं सात दिवसांचंच होतं; ‘१४ ऐवजी २१’ हे तीन शब्द ११ तारखेलाच असते तर रस्ता भरण्याचं मुख्य कारण उरलं नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची परीक्षा होती त्याच २५ तारखेला आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा येत असल्यावरून पुन्हा शास्त्री रस्त्यावर ठिय्या बसला आणि आयोगानं २२ तारखेला परीक्षा पुढे ढकलली. तारखा आपटणार आहेत हे कॅलेंडर शेजारी ठेवून आधीच दिसणारं होतं. निरोपाला पाचपैकी दोन, आणि तेही जिथे संकेतस्थळ त्या दिवशी बंद पडत नाही तिथेच.

चर्चेच्या टेबलावर पहिला प्रश्न: समोर कोण? महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकापासून बंद आहेत. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी प्रत्यक्ष निवडणुकांचं घोडं अडलेलंच राहिलं. त्यामुळे ‘विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी’ म्हणून जो येतो तो एखाद्या संघटनेचा असतो किंवा त्या दिवशी ज्याचा आवाज मोठा होता तो असतो. प्रशासन मग एका संघटनेला अकराला भेटतं, दुसरीला साडेबाराला. दोघांना दिलेल्या शब्दांत फरक पडतो आणि दुपारी दोन वेगवेगळे व्हिडिओ फिरतात. एकच बैठक घ्यावी. पाच ते सात जण, त्यात ज्यांचा प्रश्न आहे त्या वर्गातले किमान दोन आणि मुलगी किमान एक. कोण जाणार हे ठिय्यावरच्या मुलांनी ठरवावं. अधिकाऱ्यांनी ‘तू, तू आणि तू’ असं बोट दाखवून निवडलं की आतल्यांचं बाहेर कुणी ऐकत नाही. फोन बाहेर ठेवायला लावून उपयोग नाही, त्यानं संशयच वाढतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी एकेक जण लिहायला बसवावा आणि उठण्याआधी अर्ध्या पानाचं इतिवृत्त वाचून दोघांच्या सह्या घ्याव्यात. इतिवृत्त ‘टाइप करून उद्या देतो’ म्हटलं की त्यातली क्रियापदं रातोरात बदलतात. ‘करू’ चं ‘विचाराधीन’ होतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: टेबलाच्या अलीकडे कोण? मागणी ज्याच्या अधिकारात नाही असा माणूस चर्चेला बसवणं ही या सेवेतली सगळ्यात महागडी चूक. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १२ जून २०१५ ला सुरू झालेला संप १३९ दिवस चालला. मुख्य मागणी अध्यक्षपदावरची नियुक्ती रद्द करण्याची होती, आणि ती नियुक्ती दिल्लीतल्या माहिती व प्रसारण मंत्रालयाची होती. पुण्यातल्या संचालकांना ती बदलण्याचा अधिकार नव्हता, घोषणा मात्र त्यांच्या खिडकीखाली. त्यात मूळ प्रश्न पेटलेला असताना २००८ च्या तुकडीच्या अपुऱ्या डिप्लोमा फिल्म्सचं आहे त्या स्थितीत मूल्यमापन करायचं निघालं. १७ ऑगस्टला संचालकांना घेराव पडला, पुढच्या रात्री आवारात पोलीस आले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. स्थानिक वाद देशभराची बातमी झाला. उपोषण झालं, सप्टेंबरअखेर मंत्रालयाशी बोलणी पुन्हा सुरू झाली, २८ ऑक्टोबरला संप मागे घेतला गेला आणि नियुक्ती तशीच राहिली. मूल्यमापनाचा निर्णय नियमाला धरून होता की नव्हता यावर वाद घालता येईल. संप चालू असताना दुसरा वादाचा निर्णय काढण्याची वेळ चुकली, यावर घालता येणार नाही.

विद्यापीठातही हेच छोट्या आकारात घडतं. शुल्काचा विषय व्यवस्थापन परिषदेचा, अभ्यासक्रमाचा विद्या परिषदेचा, शिष्यवृत्तीचे पैसे समाजकल्याणाकडून यायचे. अशा वेळी कुलसचिवांनी ‘बघतो’ म्हणू नये. ‘हा निर्णय माझा नाही, अमुक परिषदेचा आहे, तिची पुढची बैठक अमुक तारखेला आहे, विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतल्याचं पत्र तुम्हाला परवा मिळेल’ असं म्हणावं. हे ऐकून कुणी टाळ्या वाजवत नाही, पण मुलं घरी जातात. चर्चेला अडीच गुण. अर्धा गुण चहाचा. तो बहुतेक ठिकाणी येतो.

लेखी आश्वासन हा या दुकानातला मुख्य माल, आणि त्याचाच दर्जा सगळ्यात हलका. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ याचा बाजारभाव शून्य, कारण योग्य काय हे लिहिणारा ठरवणार. ‘सकारात्मक विचार’ हा त्याचा धाकटा भाऊ. ‘समिती नेमण्यात येईल’ चालतं, पण सदस्यांची नावं, पहिल्या बैठकीची तारीख आणि अहवालाची तारीख त्याच कागदावर असेल तर. चांगलं पत्र एका पानात बसतं: मागणी मुलांच्याच शब्दांत, तिच्यासमोर मान्य, अमान्य किंवा अमक्याच्या अधिकारात, जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम, तारीख, सही, जावक क्रमांक. ‘अमान्य’ लिहायला प्रशासनं घाबरतात. पण कारणासकट ‘अमान्य’ लिहिलं तर पुढे अपील करता येतं. ‘विचाराधीन’वर करता येत नाही.

निकालाच्या आंदोलनात तर तारीख कायद्यातच तयार आहे. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि ४५ दिवसांत तो लागलाच पाहिजे. नाही लागला तर कारणांचा अहवाल राज्य शासनामार्फत कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना द्यायचा. म्हणून ‘निकाल कधी’ यापेक्षा ‘कुलपतींना अहवाल कोणत्या तारखेला गेला’ हा प्रश्न निवेदनात जास्त काम करतो. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्थात तारीख देणं म्हणजे कुठलीही तारीख देणं नव्हे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं, निकाल रखडले, कुलपतींनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली, मग नव्या तारखा येत गेल्या आणि हुकत गेल्या. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. परीक्षा विभागानं तारीख देताना किती उत्तरपत्रिका उरल्या, किती परीक्षक रोज किती तपासतात, हा भागाकार पत्रातच दाखवावा. लेखी उत्तराला दीड.

गेट आणि पोलीस याबाबत प्रशासनं समजली जातात तितकी वाईट नाहीत. नेहमीचा क्रम असा: आयोजक स्थानिक ठाण्याला कळवतात, ठाणं प्रतिबंधात्मक नोटीस देतं. पूर्वी तिला फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून ‘१४९ ची’ म्हणत, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १६८ ची झाली, जुनं नाव जिभेवरून गेलेलं नाही. ही नोटीस म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना कुणीतरी सांगावं. सहसा सांगत नाहीत. घोळ होतो तो पोलिसांना आत बोलवायचं कुणी ठरवायचं यावर. ते एकाच पदाचं काम हवं, लेखी हवं आणि त्याला पर्यायी नाव हवं. नाहीतर सुरक्षा अधिकारी घाबरून फोन करतो आणि कुलगुरूंना बातम्यांतून कळतं. कंत्राटी रखवालदारांची शिफ्ट बदलते ती वेळ धोक्याची. दुपारच्या माणसाला सांगितलेलं संध्याकाळच्याला माहीत नसतं आणि ओळखपत्र असलेल्या मुलींनाही वसतिगृहाच्या वाटेवर अडवलं जातं. पाळी बदलताना एका वहीत तीन ओळी लिहिल्या तरी हे टळतं. परीक्षा असेल तर हॉल तिकीट पाहून सोडणारं वेगळं गेट तासभर आधी उघडावं. अंधार पडल्यावर दिवे, पाणी, स्वच्छतागृह आणि दवाखान्याची गाडी चालूच ठेवावी. पाणी तोडून ठिय्या उठत नाही, पाण्याच्या नळाचा व्हिडिओ मात्र बनतो. त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण दुसऱ्याच सकाळी वेगळं काढून ठेवावं, कारण यंत्रणा जुन्यावर नवं चढवत राहते आणि पुढे चौकशी समिती मागते तेव्हा ते गेलेलं असतं. तीन गुण.

आंदोलन उठल्यानंतरच्या सेवेला एकच गुण आहे. डफ थांबला की फाइलही थांबते. कारणे दाखवा नोटिसा मात्र वेळेवर येतात, त्याही बहुधा चर्चेला आत बसलेल्या सात जणांना, कारण त्यांचीच नावं उपस्थिती पत्रकावर असतात. पुढच्या वेळी मग आत यायला कुणी तयार होत नाही आणि प्रशासन म्हणतं, ‘बोलायला कोणी पुढेच येत नाही.’ चर्चेच्या उपस्थिती पत्रकाचा उपयोग शिस्तभंगासाठी होणार नाही, ही ओळ इतिवृत्तातच घालून घ्यावी. ठिय्याच्या दिवसांची हजेरी, बुडालेली प्रात्यक्षिकं, अंतर्गत गुण यांचं काय, हेही त्याच बैठकीत विचारावं. सत्र संपताना ७५ टक्क्यांचा हिशेब निघतो तेव्हा ते दिवस कुणाच्याच लक्षात नसतात. आणि पत्रातल्या प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी आवक खिडकीवर एक ओळीचं स्मरणपत्र द्यावं, जुना जावक क्रमांक घालून. शिक्का तिथे पाच मिनिटांत मिळतो.